सरांना बिनविरोध हवंय, मला अर्ज भरायचाय

पत्र

ताई, नमस्कार. मी सोलापुरात करसल्लागार म्हणून प्रॅक्टिस करते, वय एकेचाळीस. आमची जिल्ह्याची एक व्यावसायिक संघटना आहे. साडेतीनशेच्या आसपास सभासद, त्यात वकील आहेत, सीए आहेत, नुसते टॅक्स प्रॅक्टिशनरही आहेत. दर तीन वर्षांनी कार्यकारिणी निवडायची असते, पण मतदान झाल्याचं मला आठवत नाही. पाच-सहा ज्येष्ठ एका हॉटेलात बसतात, नावं ठरतात, सर्वसाधारण सभेत ती वाचली जातात, टाळ्या वाजतात, जेवण होतं.

ज्यांच्या हाताखाली मी शिकले ते सर यंदा तिसऱ्यांदा अध्यक्ष व्हायचं म्हणतायत. तरुण मंडळी वैतागलीत. कार्यवाहपदाला उभ्या राहा म्हणून त्यांनी मला गळ घातलीय. पण अध्यक्षपदासाठी त्यांनी पुढे केलेला माणूस मला पटत नाही. होटगी रोडला जेवणावळी सुरू झाल्यात, कामाबद्दल चकार शब्द नाही. इकडे सरांनी बोलावून सांगितलं, "तू निवडणूक अधिकारी हो, म्हणजे वाद होणार नाहीत. आणि तुला सहकार्यवाह पण करतो, महिला एक पाहिजेच. निवडणूक लागू द्यायची नाही. एकदा लागली की संघटना फुटते." आजही बरीच कामं मला सरांकडूनच येतात. मी काय करू? आणि उभी राहिलेच, तर व्हॉट्सअॅप ग्रुपवर प्रचार करू का?

— एक करसल्लागार, जुळे सोलापूर

उत्तर

उभ्या राहा, आणि निवडणूक अधिकारी होऊ नका. ही दोन उत्तरं आधीच देऊन टाकते, म्हणजे पुढचं शांतपणे वाचाल.

सरांनी एकाच दमात तुम्हाला दोन पदं देऊ केली. 'निवड रीतसर झाली' म्हणून ज्या यादीखाली तुम्ही सही करायची, त्याच यादीत सहकार्यवाह म्हणून तुमचं नाव! उद्या एखाद्या सभासदानं हरकत घेतली की पहिल्या तारखेलाच हा मुद्दा निघेल आणि उत्तर द्यायला तुम्ही उभ्या असाल, सर नव्हे. सरांच्या मनात काही काळंबेरं आहे असं मी म्हणत नाही. फार वर्षं एकच माणूस कारभार बघत असला की यात काही वावगं आहे हे त्याला जाणवतच नाही. पण तुम्हाला ते जाणवलंय, म्हणून तर पत्र लिहिलंत.

निवडणूक अधिकारी संघटनेबाहेरचा हवा, ज्याला मत नाही असा. सोलापूर जिल्ह्यात अशा माणसांचा तुटवडा नाही. साखर कारखाने, सूतगिरण्या, पतसंस्था, बँका यांच्या निवडणुका घेऊन घेऊन केस पिकलेले सहकार खात्याचे निवृत्त अधिकारी इथं पेठेपेठेत सापडतात. अर्जाची छाननी कशी करायची, बाद मत कशाला म्हणायचं, मोजणीच्या टेबलाजवळ कुणाला उभं राहू द्यायचं, हे त्यांना तोंडपाठ असतं. मानधन द्या, चहा द्या आणि मधे बोलू नका.

आता बिनविरोधचं. मी त्याच्या विरोधात नाही. छोट्या संघटनेत दरवेळी मतपेटी आणलीच पाहिजे असं कुठं आहे? प्रश्न इतकाच की ते कधी होतं. तारीख जाहीर झाली, अर्ज मागवले, ज्याला भरायचा त्यानं भरला, छाननी झाली, माघारीची मुदत संपली आणि पदाला एकच नाव उरलं, तर ती निवड बिनविरोध. तिच्यावर कुणी बोट ठेवू शकत नाही. तुमच्याकडे अर्जच मागवला जात नाही. बार्शीच्या किंवा अक्कलकोटच्या सभासदाला निवडणूक होती हे टाळ्यांच्या आवाजावरून कळतं. मग तो पुढच्या वर्षी वर्गणी भरत नाही, त्याच्या पुढच्या वर्षी कार्यक्रमाला येत नाही. संघटना फुटते ती अशी, आवाज न करता. मतदान झाल्यामुळे चार महिने दोन गट एकमेकांशी बोलले नाहीत, इतकंच बहुतेक ठिकाणी घडतं. पुढं जीएसटीच्या पोर्टलनं मान टाकली की सगळे एकाच निवेदनावर सही करायला येतात.

पण अर्ज भरायच्या आधी एक काम करा. संघटनेची घटना आणि सभासद नोंदवही मागून घ्या. छापील घटना मिळत नसेल (बऱ्याच ठिकाणी ती माजी कार्यवाहांच्या कपाटात असते) तर नोंदणी कार्यालयातून नक्कल काढा. निवडणुकीतलं राजकारण प्रचारात दिसतं, पण हार-जीत बऱ्याचदा मतदार यादीतच ठरून गेलेली असते. तुमच्या नोंदवहीत काय सापडेल हे मी न बघता सांगते. वारलेल्यांची नावं असतील. पुण्याला गेलेले असतील. एकाच ऑफिसच्या पत्त्यावर सात-आठ सभासद असतील. आजीव सभासदांपुढं पावती क्रमांक नसेल. आणि वर्गणीचा रकाना पेन्सिलनं भरलेला असेल.

हा रकाना महत्त्वाचा. संस्था नोंदणी कायदा १८६० चा, पण त्याचं कलम १५ आजही चालतं: ज्याची वर्गणी तीन महिन्यांपेक्षा जास्त थकली आहे त्याला मतदानाचा हक्क नाही, तो सभासद म्हणून मोजलाही जात नाही. हे कलम कुणाच्या लक्षात आलं की पुढचा खेळ ठरलेला असतो. मतदानाच्या आदल्या आठवड्यात पन्नास-साठ थकबाकीदारांची वर्गणी एकाच खात्यावरून भरली जाते, पावत्या एकाच हस्ताक्षरात फाडल्या जातात. तेव्हा पहिला आग्रह हा धरा की निवडणूक जाहीर करतानाच एक कट-ऑफ तारीख द्यायची, त्या तारखेपर्यंत ज्याची वर्गणी त्याच्या स्वतःच्या नावानं जमा आहे तोच मतदार. कच्ची यादी लावा, हरकती घ्या, पक्की यादी लावा. तुमच्या वकील सभासदांना २०११ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल ठाऊक असेल. सुप्रीम कोर्टाच्या बार असोसिएशनमध्ये, म्हणजे तिथल्या वकिलांच्या संघटनेत, बाहेरून येऊन मत देण्यापुरते सभासद झालेल्यांचा प्रश्न होता. दुसऱ्या बारच्या निवडणुकीत मत देणाऱ्याला इथं मत नाही, हा त्या असोसिएशनचा नियम न्यायालयानं उचलून धरला. तो निकाल तुम्हाला थेट लागू नाही, पण मतदार कोण हे ठरवण्याचा अधिकार संघटनेला आहे आणि तो वापरायला लाजायचं कारण नाही, एवढं त्यातून घ्या.

आता तुमच्या खऱ्या अडचणीकडे येते. सर पटत नाहीत असं नाही, पण तिसरी टर्म पटत नाही. आणि पलीकडचा उमेदवार तर मुळीच पटत नाही. मग पॅनलमध्ये कशाला जाता? कार्यवाहपदाचा अर्ज स्वतंत्र भरा. तरुणांना स्पष्ट सांगा की तुमचा पाठिंबा घेईन, पण अध्यक्षासाठी मतं मागत फिरणार नाही. ते कुरकुर करतील, करू द्या. व्यावसायिकांच्या निवडणुकीत पॅनलच्या पॅनल शिक्का मारणारे कमीच असतात. सभासद अध्यक्ष एका गटाचा आणि कार्यवाह दुसऱ्याचा निवडतात, आणि त्यात मला तरी चांगलंच दिसतं. एकाच घरातल्या दोन सह्यांवर चेक निघण्यापेक्षा ते बरं.

तिरंगी लढत झाली तर काय होईल याची धास्ती तुमच्या पत्रात ओळींच्या मधे आहे. ती रास्त आहे. समजा दोनशे मतं पडली. सरांना ८०, जेवणावळीवाल्यांना ६५, तिसऱ्या एखाद्या शहाण्या माणसाला ५५. आजच्या पद्धतीनं सर निवडून आले, पण १२० जणांची पहिली पसंती दुसरीकडे होती. तीन वर्षं हे त्यांना ऐकवलं जाईल. याला उपाय आहे आणि तो तुमच्या सभासदांच्या हाताखालून गेलेला आहे. पुणे पदवीधर मतदारसंघात सोलापूर जिल्हा येतो. जांभळ्या स्केच पेननं उमेदवारांपुढं १, २, ३ असे पसंतीक्रम तुमच्यातल्या कित्येकांनी लिहिले असतील. वकिलांची राज्य बार कौन्सिल याच पद्धतीनं निवडली जाते, तसं १९६१ च्या अधिवक्ता कायद्यातच आहे. सीएंच्या केंद्रीय कौन्सिलचीही हीच रीत. म्हणजे तुमच्या संघटनेतले निम्मेअधिक लोक आपापल्या मोठ्या संस्थेत पसंतीक्रम लिहितात आणि स्वतःच्या शहरात मात्र टाळ्या वाजवतात!

वरच्याच उदाहरणात पसंतीची मतं मोजली तर तिसरा बाद होतो आणि त्याच्या ५५ मतपत्रिकांवरची दुसरी पसंती बघितली जाते. त्यातल्या ३५ सरांकडे आणि २० दुसऱ्याकडे गेल्या, तर सर ११५ विरुद्ध ८५ असे निवडून येतात. त्याच खुर्चीवर, पण निम्म्याहून जास्त सभासदांच्या जोरावर. उलट ४० दुसऱ्याकडे गेल्या तर सर ९५ वर थांबतात आणि तो १०५ वर जातो. निकाल कुणाच्या बाजूनं लागेल हे आधी सांगता येत नाही, म्हणूनच ही पद्धत दोन्ही गटांना पटवता येण्यासारखी आहे.

कार्यकारिणीच्या जागांसाठी तर फरक आणखी मोठा पडतो. नऊ जागा, प्रत्येकाला नऊ मतं, असं असलं की ११० जणांचा गट ९० जणांच्या गटाला एकही जागा न देता सगळ्या घेऊन जाऊ शकतो. शहराच्या पूर्व भागातले चाळीस सभासद एकदिलानं मत देऊनही कोरडे राहतात. पसंतीक्रमात कोटा काढतात: दोनशे वैध मतांना नऊपेक्षा एकानं जास्त म्हणजे दहानं भागायचं आणि उत्तरात एक मिळवायचा. आले २१. ज्याच्यामागं एकवीस जण ठाम आहेत त्याला जागा मिळते. सोलापूरसारख्या गावात, जिथं मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू बोलणारे सभासद एकाच यादीत आहेत, तिथं पॅनल बनवताना 'यांचा एक, त्यांचा एक' असा जो हिशेब हॉटेलात बसून घातला जातो, तो मतदारच घालतात. मोजणी किचकट असते हे खरं, पदवीधरची मोजणी रात्र रात्र चालते. पण दोनशे मतपत्रिकांचं काम दुपारी सुरू केलं तर संध्याकाळच्या चहापर्यंत उरकतं, फक्त टेबलावर जाणकार माणूस पाहिजे.

यंदा मात्र हे करायला जाऊ नका. निवडणूक तोंडावर आल्यावर पद्धत बदलली की हरणारा कोर्टात जातो. या वेळी आहे त्या घटनेप्रमाणं, गुप्त मतदानानं घ्या. निवडून आलात तर पहिल्या वर्षातच घटनादुरुस्तीचा ठराव आणा: पसंतीक्रम, आणि कोणत्याही पदावर सलग दोनच टर्म. दुसरा मुद्दा लगेच मंजूर होईल असं वाटत नाही. आणा तरीही.

माणूस कसा निवडायचा, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण तुमच्यासकट सगळे मतदारच आहात म्हणून लिहिते. सगळ्यांचं लक्ष अध्यक्षाकडे लागलेलं असतं. त्याचा फोटो छापून येतो, प्रमुख पाहुण्यांना शाल तोच घालतो. माझ्या मते संघटनेत सगळ्यात जपून निवडायचा माणूस म्हणजे खजिनदार. त्याची निवड बहुतेक वेळा 'बाकी सगळे घेतले, आता हे राहिलेत' अशी होते. दुसऱ्यांचे ताळेबंद तपासून पोट भरणाऱ्या लोकांच्या संघटनेचं स्वतःचं लेखापरीक्षण दोन-दोन वर्षं रखडलेलं असतं, ही गोष्ट मला नेहमी गमतीची वाटते. खजिनदारपदाच्या प्रत्येक उमेदवाराला तीन साधे प्रश्न विचारा. मुदत ठेवी कुठं आहेत आणि कधी पिकतात? गेल्या अधिवेशनाचा हिशेब सभेपुढं कधी आला? पाच हजारांवरचा खर्च कुणाच्या सहीनं होतो? उत्तर माहीत नसेल तर चालेल, पण 'बघून सांगतो' म्हटल्यावर आठवड्यात फोन आला का, ते बघा. आणि अध्यक्षाच्या उमेदवाराला विचारा, गेल्या वर्षी किती अभ्यासवर्गांना बसला होतात. व्यासपीठावर नव्हे, समोरच्या खुर्च्यांत.

जेवणावळींनी दचकू नका. सोलापूरकर जेवायला जातो आणि मत आपल्या मनानं देतो, निदान गुप्त मतदान असलं तर. तुम्हाला कुणी ताटावर बसवलं तर जा, शेंगाचटणी वाढून घ्या, आणि तिथंच सगळ्यांसमोर विचारा, संघटनेसाठी पहिल्या सहा महिन्यांत काय करणार? एवढ्या एका प्रश्नानं पुढच्या दोन जेवणावळी कमी होतील.

'महिला एक पाहिजेच' याबद्दल थोडं. २ मे २०२४ ला सर्वोच्च न्यायालयानं तिथल्या बार असोसिएशनच्या कार्यकारिणीत किमान एक तृतीयांश जागा महिलांना ठेवायला सांगितलं, आणि नुसत्या सदस्यपदावर न भागवता पदाधिकाऱ्यांतलं एक पदही महिलांसाठी राखायला लावलं. तुमची संघटना त्या आदेशाखाली येत नाही. पण 'एक पाहिजेच' म्हणून सहकार्यवाह, म्हणजे निमंत्रणपत्रिका आणि हारतुरे, ही वाटणी आता कुणी मुकाट्यानं घ्यायला नको. तुम्ही कार्यवाहपदाला उभ्या राहताय ते काम येतं म्हणून. प्रचारात महिला असल्याचा मुद्दा स्वतःहून काढू नका, समोरून निघाला तर मात्र हा आदेश हाताशी असू द्या.

आता सर. हे सगळ्यात अवघड आहे आणि इथं कायदा उपयोगी पडत नाही. अर्ज भरण्याआधी त्यांच्याकडे जा. फोनवर नको, ऑफिसातही नको, तिथं पक्षकार बसलेले असतात. घरी जा, सकाळी. पाया पडत असाल तर नेहमीसारखं पडा. आणि पहिल्या पाच मिनिटांत सांगून टाका: "सर, मी कार्यवाहपदाला अर्ज भरतेय. तुमच्याविरुद्ध नाही, कुणाच्या पॅनलमधूनही नाही. दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी तुम्हाला सांगायला आले. निवडणूक अधिकारी मात्र मला होता येणार नाही." त्यानंतर गप्प बसा. ते रागावतील, कदाचित 'तुला मी शिकवलं' म्हणतील. ते खरंच आहे, मान्य करा. तिसऱ्या टर्मबद्दल तुमचं मत त्या दिवशी सांगू नका, त्यांनी विचारलं तरच सांगा.

कामं येणं थांबेल का? थोडीफार थांबतील. याचा अंदाज अर्ज भरण्याआधी घ्या. गेल्या वर्षाच्या तुमच्या फीपैकी सरांकडून आलेली किती, ते कागदावर मांडा, तुम्हाला तर हे सहज जमेल. निम्म्याच्या वर असेल तर यंदा कार्यकारिणी सदस्य म्हणून उभ्या राहा आणि पुढच्या खेपेला कार्यवाहपदाकडे बघा. यात कमीपणा काही नाही, घर चालवायचं असतं. पाव-चतकोर असेल तर भरा अर्ज. ज्या सरांनी तुम्हाला घडवलं ते एका अर्जामुळं पक्षकार काढून घेणारे असतील, तर ते अवलंबून राहणं कधीतरी संपवायचंच होतं.

निवडून आल्यावर पहिल्या आठवड्यात करायचं एक काम विसरलं जातं. महाराष्ट्रात १८६० च्या कायद्याखाली नोंदलेल्या संस्था धर्मादाय आयुक्तांकडे विश्वस्तव्यवस्था म्हणूनही नोंदवल्या जातात. कार्यकारिणी बदलली की १९५० च्या सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियमाच्या कलम २२ खाली ९० दिवसांच्या आत बदल अर्ज द्यावा लागतो. सभेची नोटीस, ती पाठवल्याच्या पोचपावत्या, हजेरीच्या सह्या, इतिवृत्त, अर्जांची आणि माघारीची कागदं, मतमोजणीचा तक्ता, सगळं लागतं. घटनेत नोटीस पोस्टानं द्या असं असेल तर पोस्टानंच जाऊ द्या. व्हॉट्सअॅपवरच्या दोन निळ्या टिकांवर विसंबलेले बदल अर्ज वर्षानुवर्षं पडून राहतात, आणि मग बँक सह्या बदलून देत नाही.

मतदानाची तारीख ठरवण्यात तुमचं म्हणणं चालत असेल तर रविवार धरा. पंढरपूर-बार्शीचा माणूस सत्तरेक किलोमीटरवरून आठवड्याच्या मधल्या दिवशी येणार नाही. जुलैअखेर, सप्टेंबरअखेर विवरणपत्रांची घाई असते, ते दिवस सोडा, ते तुम्हाला सांगायला नको. आणि संक्रांतीच्या सुमाराला सिद्धेश्वराच्या जत्रेचा गड्डा भरलेला असताना तर नकोच, मंदिराकडच्या रस्त्यांवरून वाट काढताना मतदार घामाघूम होईल.

राहिला व्हॉट्सअॅपचा प्रश्न. संघटनेच्या अधिकृत ग्रुपवर प्रचाराचा एक शब्द टाकू नका. तो ग्रुप परिपत्रकांसाठी आहे, आणि तिथं तुम्ही पहिला मेसेज टाकलात की संध्याकाळपर्यंत चाळीस जण 'शुभेच्छा' आणि दोन जण वाद घालतील. त्यापेक्षा पक्की यादी घ्या आणि एकेकाला स्वतः फोन करा. सुरुवात तालुक्यांपासून, कारण त्यांना शहरातून सहसा कुणी फोन करत नाही. दोन मिनिटं बोला, मत मागा, आणि त्यांची एखादी अडचण लिहून घ्या. फक्त महिन्याच्या १८ ते २० तारखेला कुणाला फोन करू नका. जीएसटीचं थ्री-बी विवरणपत्र भरत बसलेला माणूस सख्ख्या भावालाही मत देणार नाही.